मस्कत किती दिसांचा?

नाही, पण मला एक सांगा, विमानाला अडीच तास लागतात याला मी काय करणार? ते काय मी ठरवलं? मोबाइलमध्ये लिहिलं होतं ते मी वाचून दाखवलं, एक वाक्य, एकच, आणि तेही हळू आवाजात, कारण मी मुळात बोलतच नाही हो, वर्गात हजेरीलासुद्धा मी नुसता हात वर करते, आणि बाई म्हणतात, "सृष्टी आली आहे का गं आज?" आणि मी पहिल्या बाकावर असते... तर अशा मुलीने वर्षातून एक वाक्य बोलावं, आणि त्या वाक्यावर अख्ख्या वाडीने चढून बसावं, आणि शेवट कुठे व्हावा तर गोठ्यात. गोठ्यात म्हणजे... थांबा, नीट सांगते.

आमचे दाजी. म्हणजे बाबांचे वडील. वय एक्याऐंशी. देवगडजवळ आमची हापूसची कलमं आहेत आणि दाजी गेली पासष्ट वर्षं पेटी भरतायत. आता तुम्हाला सांगते, दाजींना किलोमीटर कळत नाहीत असं नाही, त्यांना ते पटत नाहीत. "किलोमीटर आंब्याक कळत नाय," म्हणतात. त्यांच्याकडे सगळं जग आंब्याच्या दिवसांत मोजलेलं. तळेरे आजचा. कोल्हापूर उद्याचा. पुणे दोन दिसांचा, मुंबय तीन दिसांचा, दिल्ली आठ दिसांचा. म्हणजे काय, तर पेटी जिथे जायची तिथे पोचली, फळी उघडली, की त्या मिनिटाला आंबा खायला तयार हवा. आदल्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशी नाही. मधल्या खोलीत आमची आढी असते, भाताच्या पेंढ्यावर आंबे ओळीने पिकत पडलेले, आणि दाजी त्या ओळींतून अनवाणी फिरतात, वाकतात, देठाजवळ अंगठा टेकवतात, हुंगतात, आणि म्हणतात, "हो पुण्याचो," म्हणजे हा पुण्याचा. पुढच्याला म्हणतात, "हो तळेऱ्याचो." त्या बिचाऱ्या आंब्याने पुणं कधी बघितलंय? पण जातो बरोबर. पासष्ट वर्षांत एक पेटी चुकली नाही असं सगळे म्हणतात, म्हणजे दाजी म्हणतात आणि सगळे मान डोलावतात.

तर माझी मोठी बहीण, किशोरीताई, तीन वर्षांपूर्वी लग्न होऊन मस्कतला गेली. समर्थ भावोजी तिथे एका कंपनीत आहेत. तिला मुलगा झाला, या मे महिन्यात सहा महिन्यांचा झाला, आणि आलं उष्टावण. आता उष्टावण म्हणजे दुसऱ्यांकडे खीर असते. आमच्याकडे खीर नंतर. आधी विहिरीजवळच्या कलमाचा आंबा, त्याचा रस, आणि तो दाजींच्या करंगळीवरून बाळाच्या जिभेवर. बाबांना तसाच, काकांना तसाच, आम्हा सगळ्या नातवंडांना तसाच. माझं उष्टावण मात्र डिसेंबरात आलं, आंबे कुठले असणार, म्हणून मला आटवून ठेवलेला बाटलीतला रस दिला. आमच्या शेजारच्या तुळसाकाकी अजून म्हणतात, "बाटलीतलो रस दिल्यात, म्हणान ह्या चेडू असा गप." माझ्यासमोर म्हणतात. मी गप्प असते.

आणि हा पहिला पणतू. दाजी मस्कतला जाऊ शकत नाहीत, गुडघे. ताईला इतक्यात येता येत नाही, बाळाचा पासपोर्ट व्हायचाय आणि भावोजींना रजा नाही. तेव्हा ठरलं असं की पेटी जाईल, आंबे पोचतील त्याच दिवशी उष्टावण, ताई करंगळी लावेल आणि दाजी व्हिडिओवर बघतील. पेटी कोण नेणार? रमीझदादा. आमच्या पलीकडच्या घरातल्या जोहराचाचींचा मुलगा, मस्कतलाच नोकरीला, सुट्टीवर आला होता, मंगळवारी निघणार होता. सगळं जुळलं. राहिलं काय? तर दाजींना अंतर माहीत नव्हतं. आखाती पेटी त्यांनी कधी भरलीच नव्हती.

सोमवारी ओटीवर सगळे बसलेले. दाजी, आई, तुळसाकाकी, जोहराचाची. दाजी म्हणाले, "गो चेडवा, तू भूगोलात पयली. सांग, मस्कत किती दिसांचा?"

आता मला असा प्रश्न पुस्तकात कधी आला नव्हता. मी मोबाइल काढला, लिहिलं, मुंबई ते मस्कत अंतर आणि विमानाचा वेळ. आलं उत्तर. पंधराशेच्या वर किलोमीटर. किलोमीटर म्हटलं तर दाजींना आवडणार नाही म्हणून मी ते गाळलं, आणि म्हटलं, "विमानाला अडीच तास लागतात."

झालं. एवढंच. खोटं होतं का? नव्हतं.

ओटीवर सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं... आणि दाजी म्हणाले, "अडीच तास? म्हणजे कणकवली."

कारण आमच्या वाडीतून कणकवलीला अडीच तासच लागतात हो. एसटी वळणं घेत घेत तळेऱ्याला येते, तिथे दुसरी गाडी मिळेपर्यंत उभं राहायचं, मग कणकवली. तुळसाकाकी पदर सावरून पुढे सरकल्या. "म्हंजे मी डोळे तपासूक कणकवलेक जातंय, तेवढ्यात माणूस मस्कताक जाता?" "जाता," दाजी म्हणाले, जणू रोज जाऊन येतात. "मगे किशोरी कित्याक येणा नाय?" तुळसाकाकींनी विचारलं. आणि हे बघा, इथे मला पहिल्यांदा कळलं की घोटाळा झाला. कारण तोवर ताई लांब होती. लांब असलेल्या माणसाला सगळं माफ असतं. आणि मी एका वाक्यात तिला उचलून कणकवलीत आणून ठेवली.

मला म्हणायचं होतं की विमानाला अडीच तास लागतात, पण विमानापर्यंत जायला बारा लागतात, आणि विमानतळावर तीन तास आधी रांगेत उभं राहायचं, आणि बाळाला पासपोर्ट लागतो, आणि तिकीट लागतं... हे सगळं माझ्या डोक्यात क्रमवार तयार होतं, मुद्दे एक ते सहा. पण तुळसाकाकींनी तोवर माझ्याच मोबाइलवरून ताईला व्हिडिओ लावला होता. ताई बाळाला मांडीवर घेऊन हसत होती. "काय गो," तुळसाकाकी म्हणाल्या, "अडीच तासांच्या वाटेर रवतंस आणि तीन वर्सा तोंड दाखवक नाय? आमची शेवंती कुडाळाक दिलेली, ती म्हयन्यातसून दोनदा येता." ताईचं हसू हळूहळू गेलं. "काकी, तसं नसतं," म्हणाली. "आमका सृष्टीन सांगल्यान," तुळसाकाकी म्हणाल्या. आणि मोबाइल माझ्याकडे वळवला. मी काय करणार? मी हात वर केला. हजेरीला करते तसा.

संध्याकाळी रमीझदादा पेटीचं वजन विचारायला आला, आणि तुळसाकाकींनी त्याचं तिकीट बघायला मागितलं. त्यात लिहिलेलं, सुटणार नऊ वाजता, पोचणार दहा वाजता. आता तिथली घड्याळं आपल्या दीड तास मागे असतात, हे मला माहीत आहे, तुम्हालाही माहीत असेल, पण तुळसाकाकी म्हणाल्या, "अडीच खंय? हय तर एकच तास लिवलेलो आसा." म्हणजे आता मस्कत तळेऱ्याच्याही अलीकडे आलं. आणखी थोडा वेळ ते तिकीट त्यांच्या हातात राहिलं असतं ना, तर रमीझदादा निघायच्या आधी पोचला असता.

सगळे वेळ बघत होते. मी तारीख बघितली. बावीस, शुक्रवार.

आणि रमीझदादा निघणार होता एकोणीसला, मंगळवारी. मग मधले दिवस? मी बघत राहिले, पण विचारलं नाही. जोहराचाचींनीच आईला सांगितलं, "मुंब्र्याक खालाकडे रवतलो दोन दीस." खाला म्हणजे त्याची मावशी. आईने मान हलवली, पोहे हलवले, विसरली. दाजी तेव्हा आढीत होते. म्हणजे दाजींच्या मनात काय, तर मंगळवारी दुपारची बस, बुधवारी सकाळी मुंबई, अडीच तास विमान, बुधवारी दुपारी बाळाच्या जिभेवर रस. आणि खरं काय? तर शुक्रवार. मधे दोन दिवस पेटी मुंब्र्याच्या उकाड्यात. आणि दाजी निवडत होते उद्याचे आंबे. कोल्हापूरचे.

शुक्रवारपर्यंत त्यांचं काय झालं असतं हे तुम्ही सांगा. पणतवाच्या जिभेवर आंबलेलं पाणी.

मी सांगायला गेले. अगदी ठरवून गेले. म्हटलं, "दाजी..." "काय गो?" आणि त्यांनी माझ्याकडे बघितलं. आता दाजी बघतात ना, तेव्हा आंबा निवडत असल्यासारखं बघतात. मी म्हटलं, "पाणी हवंय का?" "हाड," म्हणजे आण, म्हणाले. मी पाणी आणलं. पुन्हा गेले. "दाजी..." "काय?" "पाणी?" असं करत त्या संध्याकाळी दाजी पाच तांबे पाणी प्यायले. शेवटी आईला म्हणाले, "ह्या चेडू माका कित्याक बुडयता?"

मंगळवारी सकाळी दाजींनी पेटी भरली. दोन डझनाची, एक थर खाली, एक थर वर, मधे गवत. भरता भरता मला म्हणाले, "माज्या हातान तेका लावूक गावणा नाय. निदान आंबो तरी बरोबर जावंदे." एवढंच म्हणाले आणि आंघोळीला गेले. फळी अजून ठोकायची होती.

तुम्हाला सांगते, दाजींनी मला आंबा निवडायला कधी शिकवलं नाही. पण मी बघत असते. न बोलणाऱ्या माणसाकडे बघायला वेळ फार असतो. नऊ वर्षं मी त्या दारात उभी राहून बघितलंय, अंगठा कुठे टेकतात, किती टेकतात, नाक कुठून फिरवतात. पण बघणं वेगळं आणि करणं वेगळं ना? त्यातून विहिरीजवळच्या कलमाचेच हवेत, दुसरे चालणार नाहीत. मी वरचा थर काढला, खालचे बारा बाहेर घेतले, आणि दाजींनी अजून न हाताळलेल्या तिसऱ्या ओळीतून नवे बारा निवडले. खांद्याला पिवळी कड आलेली, पण देठापाशी अजून हिरवे, अंगठ्याला दाद न देणारे. शुक्रवारचे. म्हणजे मला वाटलं शुक्रवारचे. शनिवारचे असले तर? गुरुवारचे असले तर? पासष्ट वर्षांत चुकली नाही ती पेटी मी पंधराव्या वर्षी चुकवणार होते, आणि तीही न विचारता. गवत घातलं, वरचा थर होता तसा ठेवला. न्हाणीघरातून तांब्याचा आवाज थांबला.

आणि माझ्या ओढणीत बारा पिकलेले आंबे.

हे काय करायचं? आढीत परत ठेवले तर दाजी ओळखणार, त्यांना प्रत्येक आंबा तोंडओळखीने माहीत. घरात ठेवावे तर आई विचारणार. मी गोठ्यात पळाले. गोठ्यात आमची गाय, चांदी. मी तिथे शेणाच्या पाटीशेजारी बसून आंबे खायला लागले. पहिला छान लागला. दुसरा छान लागला. चौथ्याला मला हापूस या फळाबद्दल शंका यायला लागली. पाचवा डोळे मिटून खाल्ला. मग मी चांदीकडे बघितलं आणि चांदीने माझ्याकडे. उरलेले सात चांदीने खाल्ले, कोयीसकट, एका आंब्याला एक श्वास, आणि माझ्याकडे ज्या नजरेने बघितलं ना... त्या घरात मला एवढा मान कधी कोणी दिला नव्हता.

तिकडे दाजींनी पेटी हुंगली, वरच्या थराचा वास आला, समाधानाने फळी ठोकली. दुपारी रमीझदादा पेटी घेऊन गेला. जेवायला बसले तर आईने पानात आमरस वाढला. मी उठून गेले. आई म्हणाली, "हिका झाला तरी काय?"

बुधवार दुपार. दाजी धुतलेला सदरा घालून मोबाइलसमोर बसले. एक वाजला, दोन वाजले, चार वाजले. मोबाइल गप्प, मी गप्प. तुळसाकाकी म्हणाल्या, "विमान बंद पडला आसतला वाटेत." ताईला विचारलं तर ती म्हणाली, रमीझ अजून आला नाही, फोनही उचलत नाही. गुरुवारी दाजींनी सदरा घातला नाही. जेवलेही अर्धंच. ओटीवर बसून नुसते कलमाकडे बघत होते. "गेलो," म्हणाले. "आंबो गेलो. काल खावक होयो होतो." मी जवळ गेले. म्हटलं, "दाजी..." त्यांनी मान वर केली, एवढी थकलेली मान, आणि माझ्या घशातून शब्द आला, खरंच आला, "शुक्रवार." "काय शुक्रवार?" "उद्या शुक्रवार," मी म्हटलं. "म्हायत आसा माका," दाजी म्हणाले. आणि मी पाणी आणायला गेले.

शुक्रवारी पावणेतीनला मोबाइल वाजला. ताई. मांडीवर बाळ, कपाळाला गंध, समोर ताटात आंबा. "दाजी," ताई म्हणाली, "पेटी आत्ताच आली. आंबे बरोबर तयार आहेत. आज काय, या मिनिटाला." दाजी मोबाइलवर इतके वाकले की ताईला फक्त त्यांचं कपाळ दिसत असणार. "कापलंस? रंग दाखव. धागो आसा?" "नाही दाजी, एकही नाही." मग दाजींनी आपली करंगळी उचलून मोबाइलच्या काचेवर टेकवली, तिकडे ताईने रसात बुडवलेली करंगळी बाळाच्या जिभेवर टेकवली. बाळाने आधी तोंड वाकडं केलं. मग थांबलं. मग ताईचं बोट दोन्ही हातांनी धरून असं चोखायला लागलं की सोडेना. दाजी हसले, आणि मग म्हणाले चुलीचा धूर फार झालाय. चूल पेटलेली नव्हती. तुळसाकाकींनीसुद्धा चुलीकडे बघितलं नाही.

थोड्या वेळाने ताईचा मला वेगळा मेसेज आला. मुंब्र्याला बुधवारीच वरचा थर गळायला लागला, सगळं घर घमघमलं, तेव्हा खालाने म्हटलं टाकण्यापेक्षा खाऊ, आणि घरातल्या नऊ जणांनी एका बैठकीत थर संपवला. रमीझदादा लाजेने ताईला सांगतच नव्हता, ताईने दाजींना सांगितलं नाही. पुढे लिहिलं होतं, "खालचा थर तू भरलास ना? दाजी देठ खाली करून ठेवतात. हे सगळे देठ वर होते." मी खूप वेळ विचार केला आणि तिला एक आंबा पाठवला. चित्रातला.

आता तुम्हाला वाटेल संपलं. मलाही वाटलं. पण दाजी ओटीवर बसून मोजत होते. मंगळवार, बुधवार, गुरुवार, शुक्रवार. उद्याचा आंबा शुक्रवारी उघडला आणि तरी बरोबर? हे कसं? मी दाराआड उभी. मला वाटलं आता कळणार. एका परीने बरं वाटलं, एकदाचं कळू दे. दाजींनी बराच वेळ डोळे मिटले, मग उघडले, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "रमीझाक चार दीस लागले. आंब्याक अडीच तासच लागले."

वर थंड हवा असते, विमानात आंब्याचं पिकणं थांबतं, असा त्यांनी शोध लावला आहे. वाडीत सर्वांना पटला आहे. आता आखाती पेटीत उद्याचेच आंबे भरायचे, दाजींनी सांगून ठेवलंय, आणि दाजींचं आजवर चुकलंय का? आणि तुळसाकाकी ताईला रोज विचारतात, आंबो अडीच तासांत येता तर तू कित्याक येणा नाय.

काल वाडीतले मंगेशकाका आले. त्यांचा मुलगा दुबईला, त्याला पेटी पाठवायची. ओटीवर बसले आणि म्हणाले, "दाजी, दुबय किती दिसांचा?" दाजी म्हणाले, "सृष्टीक इचार, तिका सगळा म्हायत आसा." दोघांनी माझ्याकडे बघितलं. विमानाला तीन तास लागतात. मला पाठ आहे. आणि या वेळी मी ठरवलं होतं, मुद्दे एक ते सहा, सगळे सांगायचे. मी तोंड उघडलं.

म्हटलं, "काका, पाणी हाडू?"

आणि मागे गोठ्यात चांदी हंबरली. तिला कोणी सांगितलं, देव जाणे, पण आणखी एक पेटी भरायची आहे हे तिला कळलं होतं.